डोमाजीनं पारखलेला कॅमेरा

या, बसा. त्या बाजेवर नीट बसा, दिसते जुनी पण मोडत नाई. चहा येते तवरिक एक गोष्ट सांगतो. अशी सांगतो का हातातला चहा थंडा होईन अन् तुमाले पत्ता लागनार नाई! ऐकीव नाई बरं, याच आंगणात घडली, अन् अर्धं गाव त्यात रडलं हाये. खोटं वाटन तं कोणालेई इचारा.

तं भाऊ, आमच्या या भीमपूरच्या अंगाले कोणालेई म्हणा, "बैल घ्याचा हाये, कोणाले संगं नेऊ?" तं तो डोळे मिटून सांगन, "डोमाजीले न्या." डोमाजी बैलाच्या पाठीवर हात फिरवते, शेपटी उचलते, भोवरा पाहाते, तोंडात हात घालून दात मोजते. मंग मान हलवते. मान उभी हलली का बैल सोन्याचा. आडवी हलली का विकनारा आपलाच बैल घेऊन मांगल्या रस्त्यानं घरी जाते!

डोमाजीले हे ठाऊक नव्हतं असं नाई. छाती काढून म्हणे, "ज्याले बैल पारखता येते, त्याले दुनियेतली कोणतीई चीज पारखता येते. मंग जातं असो का जवाई!" अन् जवाईई त्यानंच पारखला होता. धाकट्या भावाची, चंपतरावची, लेक गया त्यानंच वणीले देली. पोरगा कोळशाच्या खदानीत कामाले, सुधाकरराव नाव, दात पुरे, चाल सरळ.

चंपतराव हा दादाच्या शब्दाबाहेर कदी गेलाच नाई. मिशा पांढऱ्या झाल्या तरी दादासमोर तंबाखू खात नव्हता. पण या साली त्याले निराळाच घोर लागला होता. गयेले दिवस गेले होते. आगुदर एकडाव तिचं पोटातलं गेलं होतं, म्हणून या टायमाले डॉक्टरनं बजावलं, "खाटीवरून उतरायचं नाई. गाडीत बसायचं नाई. जिवाले धक्का बसल असं काईच होऊ द्यायचं नाई." म्हणजे पह्यलं बाळंतपण असून पोट्टी माहेरी येऊ शकत नाई. अन् मायबाप तिकडं जाऊन राहू शकत नाई, कारण लेकीले लेकरू होईतो तिच्या घरचं पाणी आमच्याकडं पीत नाई. आता सांगा! इकडं माय झुरते, तिकडं लेक झुरते.

आमच्या गावात फोन कुठला? फोन म्हणजे आदिलाबादले जा, पेटीत घुसा, अन् वणीतल्या किराणावाल्याच्या नावानं बोंबला. म्हणून चिट्ठी आली. गयेनं लिवलं होतं, "घर पाहाव वाटते. अन्न गोड लागत नाई. घराचे फोटो पाठवा. सजून-धजून बसलेले नको. रोजचे पाठवा. माय भाकर टाकताना, बाबा दोर वळताना, बैल, चूल, आंगण."

चंपतरावनं चिट्ठी तीनदा वाचून घेतली अन् तिन्ही डाव नाक पुसलं.

"दादा, फोटोवाला आणाव का आदिलाबादहून?"

"फोटोवाला?" डोमाजी म्हणे. "तो येईन, आपल्या घरचं कोंबडं खाईन, 'हसा' म्हणन, अन् एक फोटो काढून फटफटीवर बसून जाईन. रोजचे फोटो पाह्यजे तं रोज कोंबडं कापशील का? कॅमेराच घेऊ."

"कॅमेरा? आपल्याले परवडन?"

"सस्ता घेऊ. पण राबनारा घेऊ. मी असताना तू कायले भेतो?"

झालं! दोघं भाऊ तामसीहून बस धरून आदिलाबादले गेले. दुकानात काचेच्या आत कॅमेरेच कॅमेरे. डोमाजीनं उपरणं झटकलं, धोतर खोचलं, अन् बैलबाजारात उभा राह्यते तसा पाय फाकवून उभा राह्यला.

दुकानदारानं पह्यलं एक भलं मोठं धूड काढलं. समोर सोंडेसारखं लांब नळकांडं.

"ये बहुत बढ़िया है, दादा. इसमें बहुत सेटिंग है."

"म्हणजे खोडीचा हाये," डोमाजी चंपतरावले म्हणे. "जितक्या सेटिंगा तितक्या खोडी. अन् तोंड पाह्य केवढं! हा खाते किती?"

"खाता नहीं, दादा, इसमें रोल डालते हैं."

"तेच तं इचारतो ना! रोल किती खाते?"

दुसरा काढला तो चांदीसारखा चकचकीत, हातावर ठेवला तं चिमणीएवढा. डोमाजीनं तळहातावर तोलला अन् मान आडवी हलवली. "दिसाले राजा, पण आंगात जीव नाई. एक पावसाळा काढनार नाई."

मंग दुकानदारानं कंटाळून खालच्या खणातून एक काळा डब्बा काढला. साधासुधा. त्याच्या कपाळावर दोन चित्रं, एक सूर्याचं अन् एक ढगाचं. "ये सबसे सस्ता. धूप हो तो इधर, बादल हो तो उधर. बस्स."

डोमाजीचे डोळे चमकले. "चंपत, हा शेतकऱ्याचा हाये! आभाळ पाहून काम करते!"

मंग सुरू झाली पारख. बैल आंधळा असल तं समजाव म्हणून डोळ्यापुढं हात हलवते, तसा हात हलवला. दुकानदारानं बटन दाबलं तं काचेमागचा पडदा कच्चकन लवला. "पापणी हलली! नजर शाबूत हाये." मांगून झाकण उघडलं, आत बोट घातलं, अन् डोमाजी दुकानात ओरडला, "दात हायेत रे चंपत, दात!" रोल फिरवाचं जे चाक असते नं, त्याले खरंच दात असते. डोमाजीनं बोटानं चाचपून सारे मोजले. एकई पडलेला नाई, एकई झिजलेला नाई. मान उभी हलली.

राह्यला सौदा. आता बैलबाजारात भाव काई तोंडानं बोलत नाई. उपरण्याखाली हात धराचा अन् बोटं दाबून आकडा सांगाचा. डोमाजीनं काउंटरवर उपरणं पसरलं, दुकानदाराचा हात खसकन आत ओढला अन् त्याची बोटं दाबली.

"अरे! अरे दादा! हाथ छोड़ो!"

"एवढ्यात देतो का?"

"क्या देतो? लोग देख रहे हैं!"

डोमाजीनं आणखीन दाबली. माणसाच्या हातात बैलाची वेसण राबलेली, बोटं म्हणजे पकड! दुकानदार पायाच्या चवड्यावर आला. "ले जाओ! जो देना है दे दो, लेकिन उंगली छोड़ो!"

बसमधी डोमाजी म्हणे, "पाह्यलं? सौदा असा होते."

घरी कॅमेऱ्याची पूजा झाली. नवा बैल असो का नवा नांगर, औक्षण केल्याबिगर उंबरा ओलांडत नाई. चंपतरावची बायको देवकाबाई हळदकुंकू घेऊन आली. आता देवकाबाई म्हणजे बोलाले तिखट, कामाले वीज, पण डोमाजी तिचा भासरा. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर तोंड दाखवाचं नाई, त्याच्यासंगं सरळ बोलाचं नाई, ही आमच्याकडची रीत. लग्न होऊन आली तवापासून डोमाजीनं तिचं तोंड पाह्यलं नव्हतं. घरात तो आला का पदर हनुवटीपर्यंत खाली! तर त्या पदरातून तिले कॅमेरा काई नीट दिसला नाई, अन् तिनं कुंकवाचं बोट बरोबर काचेवर टेकवलं. डोमाजीनं ते धोतरानं पुसलं. इथूनच माशी शिंकली असं समजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंपतराव हळूच म्हणे, "दादा, मी काढू का फोटो? म्हणजे ती जरा..."

"पारख माही, सौदा माहा," डोमाजी म्हणे. "अन् घरात आलेल्या चीजवर पह्यला हात थोरल्याचा. तुहा हात तं दोर वळतानाई कापते."

खरं होतं ते. चंपतराव दोर वळाले बसला. पण त्याले कळलं होतं का हे गाडं कुठं अडनार हाये. फोटो पाह्यजे मायचा, अन् कॅमेऱ्यामांगं उभा भासरा!

देवकाबाई चुलीपाशी बसली का डोमाजी दारात. डोमाजी दारात का पदर खाली. तिले त्याच्यासंगं बोलाचं नव्हतं म्हणून ती दाराशी बांधलेल्या शेळीसंगं बोले.

"शेळीबाई, सांगा त्यायले, भाकर जळून राह्यली. वाट सोडा म्हणा."

डोमाजी खांबाकडं तोंड करून म्हणे, "खांबा, सांग तिले, पदर जरासा वर घे म्हणा. मी पाहूनच नाई राह्यलो. कॅमेरा पाहून राह्यला."

"इचार गं शेळे, कॅमेऱ्याच्या मांगं डोळा कोणाचा हाये?"

"खांबा, लेकीसाठी हाये म्हणा!"

"लेकीसाठीच जीव तुटते म्हणा! पण रीत का विकून खाऊ?"

मधात चंपतराव. एकडाव शेळीकडं पाहे, एकडाव खांबाकडं. त्याले वाटे आपणच या घरात मुकं जनावर हाओ.

पण डोमाजी काई हटनारा नव्हता. त्यानं म्हटलं, अचानक जाऊ. पदर घ्याच्या आगुदर बटन दाबू. मंग सुरू झाली शिकार! देवकाबाई भाकर तव्यावर टाकते, डोमाजी खिडकीत उगवते, देवकाबाई मांगल्या दारानं पसार, अन् फोटोत आली चूल, तवा अन् फुगलेली भाकर. देवकाबाई लुगडं वाळू घालते, डोमाजी गोठ्यामागून निघते, फोटोत आलं नुसतं लुगडं. एक दिवस ती देवापाशी दिवा लावून तिथंच पीठ चाळत बसली होती. दारातून छान ऊन आलेलं. डोमाजी मांजरासारखा आला. तिची नजर गेली मात्र, चाळणी उडाली, पीठ सांडलं, त्यात पाय देऊन बाई न्हाणीत! डोमाजीचं बटन मांगून दबलं. फोटोत आला देवापाशी तेवता दिवा, जमिनीवर पसरलेलं पीठ अन् पिठात उमटलेलं एक पाऊल.

एक-दोन फोटोत ती सापडली, पण डोक्यापासून पायापर्यंत गाठोडं.

चंपतरावचा मात्र फोटो फक्कड आला. ओट्यावर बसून दोर वळताना. फक्त डोक्यावर केस नव्हते. झालं असं का, लेकीची सुटका सुखरूप व्हावी म्हणून त्यानं वेमुलवाड्याच्या राजन्ना देवाले केस द्याचा नवस बोलला होता, अन् नुकताच जाऊन देऊन आला होता. चकचकीत टक्कल, खांद्यावर पांढरा टॉवेल, अन् कॅमेऱ्याच्या भेवानं पडलेलं तोंड.

रोल धुऊन आला. डोमाजी एकएक फोटो पाहून मान उभी हलवे. "बैल पाह्य कसा आला! भोवरासुद्धा दिसते!" गाठोड्याचे फोटो त्यानं बाजूले काढले. "हे नको पाठवू. तोंड नसलेला फोटो बरा दिसत नाई."

"मंग देवकाचा एकई नाई राह्यला, दादा," चंपतराव म्हणे.

"तिचं लुगडं हाये ना! तिची चूल हाये!"

"संगं चिट्ठी लिवून घेऊ का?"

"चिट्ठी कायले? चिट्ठीत माणूस खोटं लिवते. फोटो खोटं बोलत नाई!"

पाकीट चिकटवलं, अन् टपालात टाकलं.

आता पुढचं चंपतरावले मागून कळलं, पण तुमाले आत्ताच सांगतो. वणीले पाकीट पडलं गयेच्या सासूच्या, कौशल्याबाईच्या हातात. गया आतल्या खोलीत झोपलेली. कौशल्याबाईनं फोटो ओसरीवर मांडले, अन् नवऱ्याले, माणिकरावले, आवाज देला.

"आवो, हे पाहा. आपल्या इवायाचं, चंपतरावचं डोकं!"

माणिकरावनं चष्मा लावला. "भादरलं हाये."

"खांद्यावर पांढरा टॉवेल."

"तोंड पाह्य कसं झालं बिचाऱ्याचं."

"देवका ईनबाई कुठं हाये? एकाई फोटोत नाई. चूल हाये, ईनबाई नाई. लुगडं हाये, ईनबाई नाई!" मंग तिच्या हाती तो फोटो लागला. तेवता दिवा. पसरलेलं पीठ. पिठात पाऊल. कौशल्याबाईनं तोंडावर हात मारला. आता तुमाले ठाऊकच हाये, माणूस गेलं का घरात दिवा ठेवते अन् पीठ पसरून पाहाते, पाऊल कोणाचं उमटते, म्हणजे कोणत्या जल्माले गेलं ते कळते.

"माणसाचं उमटलं वो!" कौशल्याबाई हुंदका गिळून म्हणे. "पुन्यवान बाई होती. माणसाच्याच जल्माले गेली."

"अन् चिट्ठी?"

"चिट्ठी लिवाले हात उठला असन का? समजून घ्या म्हणून फोटो पाठवले."

आतून गयेनं इचारलं, "आत्याबाई, माहेरचे फोटो आले का?"

"नाई वो माय!" कौशल्याबाईनं सारे फोटो पदराखाली घातले. डॉक्टरचं बोलणं तिच्या ध्यानात होतं. पोट्टीले कळलं तं पोटातल्याचं काई खरं नाई! गयेले सांगितलं का लग्नाले जातो, तिच्याजवळ शेजारीण बसवली, जीप ठरवली, अन् नवरा, बायको अन् पोरगा सुधाकरराव, तिघंई इकडं निघाले. सारा रस्ता कौशल्याबाई दाबून ठेवलेलं रडं धरून बसली होती.

इकडं दुपारची येळ. चंपतराव ओट्यावर. देवकाबाई गोठ्यात. जीप दारासमोर थांबली, अन् कौशल्याबाई उतरतानाच तिनं जो हंबरडा फोडला!

"कसं झालं वो माय! काय झालं वो माय!"

देवकाबाई शेणाच्या हातानं धावत आली. दारात पाहाते तं माणिकराव, तिचा इवाई, अन् मांगं जवाई. दोघंई पदर घ्याच्या नात्यातले! हात शेणाचे म्हणून मनगटानंच पदर ओढला, पार हनुवटीखाली. कौशल्याबाईले वाटलं ही कोणी भावकीतली बाई हाये. तिनं तिच्या गळ्यात मिठी मारली अन् धाय मोकलून रडाले लागली.

अन् देवकाबाईनं पदराआडून पाह्यलं. वणीची माणसं. रडत आली. संगं गया नाई.

आता आमच्या बायाईची रीत अशी हाये भाऊ, का गळ्यात पडून रडनाऱ्या बाईले मधात इचारत नाई. पह्यलं रडाचं, मंग इचाराचं. अन् इचाराची तिची हिंमत तरी कुठं होती? देवकाबाईनं जो सूर लावला तो कौशल्याबाईच्याई वर गेला. आवाज ऐकून आळीतल्या बाया आल्या. कोण गेलं ते कोणालेच माहीत नाई, पण रडणं चालू हाये म्हणजे आपणई रडाव! एक एक येऊन गळ्यात पडत गेली. आंगणात रडनाऱ्या बायाईचा ढीग झाला.

चंपतराव ओट्याची कड धरून बसला. जवाई समोर खाली मान घालून उभा. माणिकराव जवळ आले, त्यायनं खांद्यावर हात ठेवला. "चंपतराव, धीर धरा. देवानं नेलं, त्याले आपला इलाज नाई."

चंपतरावनं टकलावर हात मारला. म्हणजे खरंच! राजन्नाले केस देले ते पोचले नाई!

"लय गुणाची होती," माणिकराव म्हणे.

"लहान होती वो ती," चंपतराव रडत म्हणे. "अजून काय पाह्यलं होतं तिनं दुनियेत!"

माणिकराव जरा थांबले. देवकाबाईचं वय त्यायनं मनात धरलं. पण दुःखात माणूस भरमिष्ट होते, म्हणून त्यायनं पाठीवर थोपटलं. "खरं हाये, खरं हाये. लहानच होती."

इतक्यात वावरातून डोमाजी आला. गर्दी पाह्यली, भाऊ रडताना पाह्यला, अन् काई न इचारता तोई ओट्याचा खांब धरून रडाले लागला. ज्या खांबाले आजपावतर देवकाबाईसाठी निरोप सांगितले, त्याच खांबाले!

अन् मंग भाऊ, झालं ते आमच्या गावानं कदी पाह्यलं नव्हतं.

देवकाबाईनं कौशल्याबाईची मिठी झटकून सोडवली. इवाई समोर, भासरा समोर, जवाई समोर. तिनं पदर डोक्यावरून असा फेकला का तो पार कमरेखाली गेला! उघड्या तोंडानं, शेणाच्या हातानं तिनं जवायाची कॉलर धरली.

"माही लेक कुठं हाये? बोला! कोणाच्या हवाली करून आले माह्या गयेले?"

कौशल्याबाईनं ते तोंड पाह्यलं. एक किंकाळी मारली, "आली वो! परत आली!" अन् धाडकन बसली. जीपवाल्यानं ते पाह्यलं अन् तो जीप सोडून पायीच तामसीच्या रस्त्याले लागला.

"मा... मामी?" सुधाकररावची बोबडी वळली. "तुमी... तुमी हाये?"

"मी हाओच! माही लेक?"

"गया तं घरी हाये! खाटीवर हाये! मजेत हाये!"

"अन् पोटातलं?"

"ते तं लाथा मारून राह्यलं, मामी!"

आंगण गपकन शांत झालं. कोणाच्या तरी नाकाचं सूंसूं तेवढं ऐकू आलं. चंपतराव ओट्यावर बसल्याजागी आडवाच झाला, अन् त्याच्या छातीतून असा मोठा श्वास निघाला का गोठ्यातल्या बैलानं मान वर केली. "राजन्ना, पोचले बावा केस," तो आभाळाकडं पाहून म्हणे.

मंग फोटो निघाले, पीठ निघालं, टक्कल निघालं, अन् सारा उलगडा झाला. आळीतल्या बाया मात्र चिडल्या.

"म्हणजे कोणीच नाई मेलं?"

"नाई वो बाई."

"मंग आमी दुपारचं काम सोडून कायले रडलो!"

डोमाजी कुठं होता? भिताडाकडं तोंड करून, डोळ्यावर दोन्ही हात ठेवून उभा. देवकाबाईचं तोंड उघडं हाये म्हटल्यावर तो बिचारा वळनार कसा? देवकाबाईनं एकडाव त्याच्या पाठीकडं पाह्यलं अन् शेळीले म्हणे, "शेळीबाई, सांगा त्यायले, मी वणीले चालली. फोटो पुरे झाले. आता माय सोता जाईन." अन् जीपमधी चढून बसली. जीपवाल्याले मात्र अर्ध्या रस्त्यातून धरून आणाव लागलं.

वणीले पोचली तं गया उशीले टेकून बसली होती. मायले पाहून रडली, मंग हसली. कौशल्याबाईनं शरमिंदी होऊन ते फोटो तिच्या पुढ्यात ठेवले अन् सारी हकीकत सांगितली. गयेनं फोटो हातात घेतले, अन् एक एक पाहून असं बोलाले लागली जशी घरातच फिरून राह्यली!

"हे पाऊल मायचं हाये. आंगठ्याजवळचं बोट मोठं. पळताना उमटलं, टाच टेकलीच नाई. मोठेबाबा आले असन! अन् ही भाकर पाहा, आत्याबाई. तव्यावर फुगून राह्यली. माय नसती तं भाकर कोणी टाकली? मोठेबाबानं? त्यायची भाकर तं आंध्रा-महाराष्ट्राच्या नकाशासारखी होते!" अन् पोट्टी पोट धरून हसाले लागली. "जल्मभर आमी मायले असंच पाह्यलं ना. मोठेबाबा घरात आले का माय गायब! मले आल्याबरोबर फोटो दाखवले असते तं म्हणलं असतं, सारं घर जागच्या जागी हाये."

कौशल्याबाईनं कपाळावर हात मारला. त्या संध्याकाळी गया दोन भाकरी जेवली. अन् देवकाबाईनं, रीत असो का नसो, लेकीच्या घरचा कपभर चहा पेला. म्हणे, "एकडाव पदर सुटला तं सुटला, आता चहानं काय होते!" ती तिथंच राह्यली. पुढं पोरगी झाली, गोरीगोमटी, वजनानं चांगली. गया सुखरूप. चंपतरावले निरोप आला त्या राती तो असा घोरला का शेजाऱ्यायनं उठून पाह्यलं, कोणाची गाडी आली म्हणून.

आता गया लेकीले घेऊन इथंच आली हाये. आत पाळण्याचा आवाज येते नं, तीच. नवा रोल टाकला त्यात एकच फोटो शिल्लक हाये, अन् साऱ्याईची इच्छा का माय, लेक अन् नात यायचा एक फोटो व्हावा, तोंडं उघडी असलेला. देवकाबाई म्हणे, "काढू द्या त्यायले. एकडाव सारं पाह्यलं, आता काय लपवाचं?" काल तिघी या आंगणात बसल्या. देवकाबाईनं पदर मांगं सारला. डोमाजीनं कॅमेरा डोळ्याले लावला, आत देवकाबाईचं तोंड दिसलं, अन् भाऊ, ज्यानं हजार बैलाईच्या डोळ्यात डोळे घालून पाह्यलं, त्यानं आपलेच डोळे गच्च मिटून घेतले! म्हणे, "माह्यानं नाई होत." बरं झालं बटन दाबलं नाई. चंपतरावचा हात कापते. जवाई आला तं सवयीनं सासूचा पदर पुन्हा खाली. आळीतले आमी सारे तिचे कोणी दीर, कोणी भासरे.

अन् तुमी? तुमी तिचे भासरे नाई, इवाई नाई, जवाई नाई. या गावात तुमचं नातं म्हणून कोणाशी नाई, अन् हातई कापत नाई, मघापासून मी पाहूनच राह्यलो. डोमाजी वावरात गेला हाये तवरिक हा घ्या कॅमेरा. त्या तिघी दारात येऊन बसते. तेवढं एक बटन दाबून द्या, भाऊ!